पद धरणारे



गुरुवारची रात्र आहे. गावातली जेवणे आटोपली आहेत. मारुतीच्या देवळापुढच्या ओट्यावर सतरंजी अंथरली आहे. एक जण खंजिरी घेऊन येतो. दुसरा टाळांची पिशवी आणतो. तिसरा ढोलकीच्या दोऱ्या ताणून पाहतो. हळूहळू वीस-पंचवीस माणसे जमतात. मध्ये बसलेला माणूस पदाची पहिली ओळ म्हणतो. तीच ओळ सगळे मिळून म्हणतात. भजन सुरू झाले.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील गावोगावी तुम्ही हे पाहिले आहे. तुमच्यापैकी कित्येक जण त्या सतरंजीवर बसतही असतील. मग यावर धडा कशाला? आमच्या साक्षरता वर्गातल्या एका आजींनी हाच प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, "गुर्जी, भजन तं आमाले येतेच. त्याचा धडा कायले पायजे?"

आजींचा प्रश्न योग्य होता. आम्हाला लगेच उत्तर देता आले नाही. पुढे तीन-चार वर्षांत गावात काही गोष्टी घडल्या, तेव्हा उत्तर सापडले. आणि गंमत अशी की, ते सापडले त्याच आजींच्या वहीत. ते कसे, हे या धड्याच्या शेवटी येईल. आधी आपण भजन म्हणजे काय ते नीट पाहू.

एक म्हणतो, सारे धरतात

भजनाला दोन तऱ्हेची माणसे लागतात. एक पद म्हणणारा आणि बाकीचे पद धरणारे. पदाची जी ओळ पुन्हा पुन्हा येते तिला ध्रुपद म्हणतात. दोन ध्रुपदांच्या मध्ये जी कडवी येतात त्यांना अंतरा म्हणतात. ध्रुपद सगळ्यांचे असते. अंतरा बहुधा एकटा म्हणणारा म्हणतो. अंतरा संपला की तो ध्रुपदावर येतो आणि सारे जण ते उचलून धरतात.

ही रीत फार शहाणपणाची आहे. पहिले असे की, सारे ध्रुपद म्हणत असतात तेव्हा मधल्या माणसाला दम खायला वेळ मिळतो. पुढचा अंतरा त्याला आठवता येतो. म्हणून एकच माणूस दोन-दोन तास पदे म्हणू शकतो. दुसरे असे की, धरणाऱ्याला काही पाठ करून यावे लागत नाही. ओळ आधी कानावर पडते, मग तोंडात येते. पहिल्या वेळी माणूस चाचपडतो. दुसऱ्या वेळी निम्मे शब्द बरोबर येतात. तिसऱ्या वेळी तो मोकळ्या गळ्याने म्हणतो. मांडीवर बसलेले पोरही म्हणू लागते. ज्यांना एकही अक्षर येत नव्हते अशा आपल्या आजा-आजींना कितीतरी पदे तोंडपाठ होती, ती याच शाळेत शिकलेली.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी आहे. एकट्याने गायचे तर गळा गोड लागतो. मिळून गायचे तर तशी अट नाही. बेसूर माणसाचा आवाज दहा जणांच्या आवाजात मिसळून जातो. तो बेसूर आहे म्हणून त्याला कोणी उठवत नाही.

मिळून गाताना सगळे एकाच वेळी श्वास घेतात आणि एकाच वेळी सोडतात. ओळ संपते तेथे साऱ्यांचा दम संपतो. स्वीडन नावाच्या देशात गोटेनबर्ग येथील विद्यापीठात या गोष्टीचा अभ्यास झाला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काही तरुण मुलामुलींना एकत्र गायला सांगून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. तेव्हा असे दिसले की, गाताना त्यांच्या ठोक्यांची गती बरोबरीनेच वाढते आणि बरोबरीनेच कमी होते. कारण श्वास एका तालात चालला होता. भजनातून उठल्यावर मन हलके का वाटते, याचे एक कारण येथे असावे.

आता खंजिरीकडे पाहू. लाकडाचे एक गोल कडे असते. त्याच्या एका बाजूला कातडे ताणून बसवतात. कड्याला खाचा असतात आणि खाचांत पितळेच्या लहान चकत्या असतात. एका हातात धरायची, दुसऱ्या हाताने वाजवायची. ताल आणि झांज दोन्ही एकाच वाद्यात मिळतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की कातडे सैल पडते. मग वाजवणारा ती विस्तवाच्या शेकाला धरतो. कातडे ताणले जाते आणि आवाज पुन्हा खणखणीत होतो. आता पुष्कळ खंजिऱ्यांना प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्याला शेकावे लागत नाही. खंजिरी हलकी असते, महाग नसते. शेतमजूरही ती घेऊ शकतो आणि पिशवीत घालून गावोगाव नेऊ शकतो. वऱ्हाडात ती घरोघरी पोचली याचे हेही एक कारण आहे.

वऱ्हाडची जुनी रीत

एकाने म्हणायचे आणि साऱ्यांनी धरायचे, ही रीत आपल्याकडे केवळ भजनात नाही.

पोळ्याच्या दिवशी बैल तोरणाखाली उभे राहतात. तेव्हा कोणी एक जण पुढे होऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे जुळवलेल्या ओळी. त्यात देवाचे नाव असते, शेतीची सुखदुःखे असतात आणि सावकाराला, पुढाऱ्याला काढलेला चिमटाही असतो. झडती संपली की सारे गाव जयघोष करते. एरवी मोठ्या माणसापुढे जे बोलता येत नाही, ते त्या दिवशी झडतीतून बोलता येते. कारण मागे गाव उभे असते.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडतात. रोज संध्याकाळी मुली घरोघर जातात, टिपऱ्या खेळतात आणि गाणी म्हणतात. शेवटी खाऊ ओळखायचा असतो. झाकलेला डबा कानाशी हलवून पाहायचा आणि आत काय आहे ते सांगायचे. या गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, रुसणे आहे, वाट पाहणे आहे. बायांच्या मनातले पुष्कळ काही त्या गाण्यांत साठवलेले आहे.

श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावडीची यात्रा असते. गांधीग्राम येथे पूर्णा नदीचे पाणी भरून घेतात. ते खांद्यावरून अकोल्यास आणून राजराजेश्वराला वाहतात. वाटेत एक जण हाक देतो, शेकडो जण ओ देतात. पाय थकले की तो आवाजच माणसाला पुढे नेतो.

या रीतीचा समाजाच्या कामी कसा उपयोग करावा, हे आपल्याच भागातील दोन थोर पुरुषांनी दाखवून दिले.

पहिले संत गाडगे महाराज. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. बाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन निराळे होते. ते लोकांना प्रश्न विचारीत. लोकांनी मोठ्याने उत्तर द्यायचे. असे विचारता विचारता दारू, कर्ज, नवससायास, शिवाशीव यांतील खोटेपणा ते लोकांच्याच तोंडून बाहेर काढीत. मध्येच नामाचा गजर होई आणि हजारो माणसे तो धरीत. बाबांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याची त्यांना खंत होती. म्हणून ते कीर्तनात सांगत की, घरातली भांडी गेली तरी चालतील, भाकर हातावर घेऊन खा, पण पोरांना शाळेत घाला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचे नाव विद्यापीठाला दिले गेले, ही गोष्ट साक्षरता वर्गातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी.

दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे झाला. त्यांचे मूळ नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. खंजिरी हे तुकडोजी महाराजांचे वाद्य. ते खंजिरीवर मराठी आणि हिंदी भजने म्हणत आणि अफाट समुदाय ती धरी. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. गुरुदेव सेवा मंडळांच्या शाखा गावोगाव निघाल्या. पहाटे ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, असा नेम त्यांनी घालून दिला. सामुदायिक म्हणजे सर्वांनी मिळून केलेली. तेथे जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. ओळीने बसायचे आणि एका सुरात म्हणायचे. १९५५ सालच्या त्यांच्या 'ग्रामगीता' या ग्रंथात ४१ अध्याय आहेत. गाव कसे सुधारावे, हे त्यात ओव्यांत सांगितले आहे. ग्रंथ मोठा असला तरी भाषा सोपी आहे. हा धडा वाचता येत असेल तर ग्रामगीताही वाचता येईल.

मिळून गाण्यात केवढे बळ असते हे इंग्रज सरकारला समजले होते. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात आष्टी, चिमूर, यावली, बेनोडा अशा ठिकाणी लोक सरकारविरुद्ध उठले. महाराजांच्या भजनांनी लोक चेतले, असे सरकारला वाटले. त्यांना पकडले आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. महाराजांच्या हाती बंदूक नव्हती. खंजिरी होती. पण तिच्यामागे हजारो धरणारे होते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे महाराजांचे निर्वाण झाले. दर वर्षी अश्विन वद्य पंचमीला तेथे पुण्यतिथी असते. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, म्हणजे त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, लाखो माणसे जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. जी माणसे मिळून गातात त्यांना मिळून गप्पही राहता येते. आणि एवढ्या माणसांचे गप्प राहणे गाण्याहून कमी नसते.

आमच्या हातून झालेली चूक

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो. गाव पूर्णेच्या खोऱ्यातले. खारे पाणी, काळी माती, कापूस आणि तूर. तेथील भजनी मंडळाचे आम्ही काही वर्षे चिटणीस होतो. मंडळात एक म्हातारे बुवा होते. पद म्हणायचे ते तेच. खंजिरीही त्यांचीच.

एका वर्षी आमच्या मनात आले की, मंडळाला माईक आणि कर्णा असावा. बुवांचा आवाज गावभर जावा. आम्ही घरोघर फिरून वर्गणी जमवली. सामान आले. पहिल्या गुरुवारी नारळ फोडला, पेढे वाटले. सगळे खूष झाले. आम्हीही आमच्यावर खूष झालो.

माईक बुवांच्या तोंडापुढे ठेवला. एक पेटीपाशी ठेवला. मागच्या ओळीपर्यंत तिसरा कोठून आणणार? बुवांचा आवाज कर्ण्यातून एवढा मोठा निघे की, मागच्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येईना. तो नुसते ओठ हलवू लागला. पुढे तेही थांबले. मग त्याला वाटू लागले की, येथे बसून काय करायचे, हे तर घरी खाटेवर पडूनही ऐकू येते. आम्ही एकाला विचारले, "काहो भाऊ, आजकाल येत नाही?" तो म्हणाला, "आता कर्णा गाते ना गुर्जी. आपून कायले घसा फोडा?"

कर्णा आला तेव्हा सतरंजीवर तीस माणसे होती. दुसऱ्या दिवाळीला आठ उरली. आम्ही लोकांना बोल लावला. लोकांना भक्ती राहिली नाही, पोरे मोबाईलला चिकटली, असे म्हणत राहिलो. चूक आमचीच होती हे आमच्या ध्यानी आले नाही.

मग एका गुरुवारी ऐन भजनात वीज गेली. कर्णा बंद पडला. गाव अंधारात बुडाले. आम्ही आठ जण होतो. आम्ही म्हटले, आता उठावे. पण बुवा थांबले नाहीत. त्यांनी खंजिरी घेतली आणि उघड्या गळ्याने पुढचा अंतरा म्हटला. ध्रुपद आले. आम्ही आठ जणांनी धरले. आणि काय सांगावे! समोरच्या घराच्या ओसरीवरून कोणी तरी धरले. शेजारच्या आंगणातून धरले. दारात उभ्या असलेल्या बायांनी धरले. अंधारात कोण कोठून म्हणते आहे ते दिसत नव्हते. सगळी आळी गात होती.

दिवे तासाभराने आले. कोणी कर्णा लावा म्हणाले नाही.

त्या रात्री आम्हाला समजले. लोकांची भक्ती गेली नव्हती. आम्ही त्यांचे काम काढून घेतले होते. धरणाऱ्याला आम्ही ऐकणारा करून ठेवले होते. ऐकणारा उठून जाऊ शकतो. धरणारा जात नाही, कारण आपल्यावाचून पद पडेल हे त्याला ठाऊक असते. तेव्हापासून आमच्या गावी कर्णा सप्त्याला लावतात. गुरुवारी लावत नाहीत.

गेले ते कोणते, राहिले ते कोणते

दुसरी चूक याहून मोठी आहे. ती सांगताना आजही जड जाते.

ते बुवा निरक्षर होते. वर्गात येत, पण त्यांचे डोळे अधू झाले होते. एके दिवशी वर्ग सुटल्यावर ते मागे राहिले. म्हणाले, "गुर्जी, म्या पिकलं पान हाओ. कवा गयून पडीन, नेम नाई. माह्या गळ्यातले पदं लिहून घ्या."

आम्ही म्हटले, "घेऊ ना बुवा. दिवाळी होऊन जाऊ द्या."

दिवाळी झाली. मग कापसाची वेचणी आली. मग आमच्या मुलीचे लग्न निघाले. बुवांनी पुन्हा एकदा आठवण दिली. आम्ही म्हटले, पाडव्याला नवी वही करू. पाडव्याच्या आठ दिवस आधी बुवा गेले.

तेराव्यानंतर आम्ही नवी वही घेऊन बसलो. मंडळातल्या प्रत्येकाला विचारले. बुवांची कोणती पदे तुम्हाला येतात? सगळे जण भराभर सांगू लागले. एकाने दहा सांगितली, दुसऱ्याने बारा. आमच्या जिवाला बरे वाटले. पण लिहायला लागलो तेव्हा ध्यानात आले की, जो तो ध्रुपदच सांगतो आहे. आम्ही विचारीत होतो, "पुढे काय?" आणि माणूस थांबत होता. पुढचे बुवा म्हणायचे!

वहीत एकतीस ध्रुपदे जमली. अंतऱ्यांसह पुरी पदे मिळाली फक्त पाच.

यातून जे शिकलो तेच या धड्यात सांगायचे आहे. जे सगळ्यांच्या तोंडी होते ते राहिले. जे एकट्या बुवांपाशी होते ते बुवांबरोबर गेले. ध्रुपद वीस गळ्यांनी धरले होते, म्हणून ते मेले नाही. अंतरा कोणी धरला नव्हता, आणि कागदानेही धरला नव्हता.

एके दिवशी वर्गात आम्ही ही हकीकत सांगितली. तेव्हा त्या आजी, ज्यांनी "धडा कायले" म्हणून विचारले होते, त्या हळूच म्हणाल्या, "मले येतात त्यातले काई."

आम्ही चकित झालो. आजी मंडळात कधीच नव्हत्या. आमच्या मंडळाच्या सतरंजीवर बाया बसत नसत. तशी काही लेखी बंदी नव्हती. पण कोणी बोलावलेही नव्हते. आजींचे घर देवळासमोर. चाळीस वर्षे त्या दाराआड बसून, भाजी निवडता निवडता भजन ऐकत होत्या. मंडळी ध्रुपदाची वाट पाहत बसत, तेव्हा आजी अंतरा ऐकत होत्या.

आम्ही म्हटले, "आजी, तुम्ही सांगा, आम्ही लिहितो." आजी म्हणाल्या, "काहून? मले लिवता येते आता."

आजींनी महिनाभर खपून चार पदे लिहिली. एकेक अक्षर हरभऱ्याच्या दाण्याएवढे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते. पद कोठे चुकले नव्हते. पाचाची नऊ झाली. त्या वर्षी गुरुवारच्या भजनाला आजी सतरंजीवर बसल्या. त्यांच्यामागून आणखी सात-आठ बाया आल्या. आजींनी वही उघडली आणि बुवांच्या एका पदाचा अंतरा म्हटला. ध्रुपद साऱ्यांनी धरले.

आजींना जे उत्तर आम्ही देऊ शकलो नव्हतो, ते त्यांनीच आम्हाला दिले. भजनाचा धडा कशाला? तर येते ते टिकवता यावे म्हणून.

दूर देशातील एक हकीकत

युरोप खंडात एस्टोनिया नावाचा लहान देश आहे. आपल्या अमरावती जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या साधारण निम्मे लोक त्या साऱ्या देशात राहतात. एकोणिसाव्या शतकात तेथे रशियाच्या बादशहाचे राज्य होते. तेथील खेड्यांत म्हाताऱ्या माणसांना पुष्कळ जुनी गाणी येत असत. याकोब हुर्त नावाच्या एका धर्मगुरूंनी पाहिले की, म्हातारी माणसे जात आहेत आणि गाणीही जात आहेत. १८८८ साली त्यांनी वर्तमानपत्रातून लोकांना विनंती केली की, तुमच्या गावची गाणी, म्हणी, गोष्टी लिहा आणि मला पाठवा.

ही विनंती फक्त पंडितांना नव्हती. शेतकऱ्यांनी लिहिले, शाळामास्तरांनी लिहिले, कारागिरांनी लिहिले. सुमारे १४०० माणसांनी मिळून एक लाखाहून अधिक पाने पाठवली. ती पाने आजही जपून ठेवलेली आहेत. त्या देशात मिळून गाण्याचे मोठमोठे मेळावे १८६९ सालापासून भरत आले. १९८८ साली परक्या सत्तेच्या विरुद्ध तेथे लाखांवर माणसे एकत्र जमून गायली. १९९१ साली देश स्वतंत्र झाला.

आपल्याकडेही असे काम झाले आहे. साने गुरुजींनी बायांच्या तोंडच्या ओव्या गोळा केल्या आणि 'स्त्री जीवन' हे पुस्तक केले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी अनेक सोबत्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाची गिरणी आली, जाते गेले. जात्याबरोबर त्या ओव्याही गेल्या असत्या. कोणी तरी लिहून घेतल्या म्हणून राहिल्या.

आपण काय करावे

हे काम मोठ्या माणसांचे आहे, असे समजू नका. तुम्हाला अक्षर आले आहे. एक वही आणि एक पेन पुरे आहे. रीत अशी ठेवावी:

गावात ज्यांना गाणी येतात अशा माणसांची आधी यादी करावी. सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडे पहिल्यांदा जावे. भजन म्हणणारा, झडती म्हणणारा, भुलाबाईची गाणी येणारी आजी, कोणालाही वगळू नये.

गाणे सांगू नका, म्हणा, असे त्यांना सांगावे. नुसते सांगताना माणूस अडतो. चालीवर म्हटले की पुढची ओळ आपोआप येते.

पहिल्या खेपेला नुसते ऐकावे. दुसऱ्या खेपेला लिहावे. तिसऱ्या खेपेला लिहिलेले वाचून दाखवावे आणि चूक दुरुस्त करावी.

जसे म्हणतील तसेच लिहावे. 'मले' म्हटले तर 'मले'च लिहावे, त्याचे 'मला' करू नये. ती त्या गाण्याची भाषा आहे.

गाण्याखाली चार गोष्टी लिहाव्यात: कोणी म्हटले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, आणि ते कोणाकडून शिकले.

घरात कोणाचा मोबाईल असेल तर त्यावर आवाजही भरून घ्यावा. कागदावर शब्द राहतात, चाल राहत नाही. मोबाईलमध्ये चाल राहते. पण मोबाईल बिघडतो, पाण्यात पडतो, म्हणून वही ठेवावीच. दोन्ही ठेवावे.

आणि शेवटची गोष्ट. लिहिलेले गाणे पेटीत कुलूप लावून ठेवू नये. ते सतरंजीवर आणावे. महिन्यातून एका गुरुवारी अंतरासुद्धा सर्वांनी मिळून म्हणावा. एकाने वाचावा, साऱ्यांनी धरावा. म्हणजे ध्रुपदासारखाच अंतराही वीस गळ्यांत राहील. मग कोणी एक गेला तरी पद जाणार नाही.

आमच्या वहीत बावीस ध्रुपदे अजून अर्धीच आहेत. प्रत्येकाखाली आम्ही कोरी जागा सोडली आहे. शेजारच्या गावात, सासरी गेलेल्या एखाद्या लेकीला, कोणाला तरी पुढचे येत असेल. आम्ही विचारीत फिरतो आहोत. तुमच्या गावची वही अशी अर्धी राहू देऊ नका. दिवाळी होऊ द्या, असे म्हणू नका.

प्रश्न

१. पद म्हणणारा आणि पद धरणारे यांची कामे कोणती?
२. कर्णा आल्यावर सतरंजीवरची माणसे का कमी झाली?
३. बुवांची ध्रुपदे राहिली आणि अंतरे गेले, याचे कारण काय?
४. आजींना अंतरे कसे येत होते?
५. तुमच्या गावात मिळून गाताना कोणाला बोलावले जात नाही? का?

करून पाहा

आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला एक गाणे म्हणायला सांगा. ते वहीत लिहा. पुढच्या वर्गाला येताना वही आणा. आपण सगळे मिळून ते धरू.